कंत्राटदाराचे पैसे थकले, तर बोजा कोणावर?

मुंबई, विशेष प्रतिनिधी

पावसाळा ओसरला की मुंबई, ठाणे आणि पुणे परिसरातील जुन्या इमारतींना परांच्या लागू लागतात. गळकी गच्ची, फुगलेला गिलावा, कॉलममधून डोकावणाऱ्या गंजक्या सळया या साऱ्यांचा निकाल पुढच्या जूनपूर्वी लावायचा असतो. गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा होते, निविदा उघडल्या जातात आणि सभासदांकडून वर्गणी गोळा होऊ लागते. त्यातील काही इमारतींच्या परांच्या मात्र काम थांबले तरी उतरत नाहीत. खिडकीबाहेर बांबू आणि हिरवी जाळी तशीच लटकत राहते. कंत्राटदार काम अर्धवट टाकून पळाला, असे रहिवासी सांगतात. तीन बिले थकल्यावर माणसे कशी लावायची, असा कंत्राटदाराचा सवाल असतो.

या अडून बसण्यामागे केवळ हटवादीपणा नाही, कायद्यातील एक पोकळीही आहे. दुरुस्तीचे पैसे थकले म्हणून इमारतीवर किंवा सदनिकेवर हक्क सांगण्याची सोय भारतीय कायद्याने कंत्राटदाराला दिलेली नाही. त्यामुळे त्याच्या हाती तारण म्हणून उरते ती त्याची परांची. संस्थेच्या हाती उरते ते न दिलेले बिल. दोघेही आपापली वस्तू धरून बसतात आणि फोडून उघड्या केलेल्या सळया आणखी एक पावसाळा खातात.

अमेरिकेत चित्र नेमके उलटे आहे. तेथे बांधकाम करणाऱ्या कारागिराचा किंवा माल पुरवणाऱ्याचा थकलेल्या रकमेपुरता त्या मालमत्तेवरच हक्क निर्माण होतो. असा पहिला कायदा मेरीलँड राज्याने १७९१ मध्ये केला. वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभारायची होती आणि कारागिरांना पैशांची हमी दिल्याखेरीज काम वेगाने होणार नव्हते. कॅलिफोर्नियात तर हा हक्क राज्यघटनेतच नमूद आहे. तेथे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना स्वयंपाकघराचे नूतनीकरण काढताच याचा परिचय होतो. ज्या लादीवाल्याला किंवा प्लंबरला आपण कधी भेटलोही नाही, त्याची प्राथमिक नोटीस टपालाने घरी येते. मुख्य कंत्राटदाराने त्याचे पैसे बुडवले, तर काम पूर्ण झाल्यापासून साधारणतः ९० दिवसांत तो घराच्या नोंदीवर आपला दावा चढवू शकतो. पुढील ९० दिवसांत न्यायालयात गेला नाही, तर दाव्याचा जोर संपतो. मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे चुकते केलेल्या घरमालकाला त्याच कामासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागण्याची वेळ त्यातून येऊ शकते. म्हणूनच तेथे प्रत्येक हप्त्याबरोबर दावा सोडल्याचे लेखी पत्र घेण्याची पद्धत पडली आहे.

आपल्याकडे ‘इमारतीवर बोजा चढवतो’ अशी धमकी कंत्राटदाराकडून ऐकू येते आणि संस्थेचे सचिव घाबरतात. या धमकीत तथ्य फारसे नाही. सातबारावर वा मालमत्तापत्रकावर बोजा चढतो तो कर्जाच्या दस्तामुळे, कायद्यातील विशिष्ट तरतुदीमुळे किंवा न्यायालयाच्या आदेशामुळे. कंत्राटदाराचे थकलेले बिल हे साधे, बिनतारणी येणे आहे. दावा दाखल केल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५२ वे कलम दाव्यात अडकलेल्या मालमत्तेच्या व्यवहाराला लगाम घालते खरे. परंतु ते स्थावराच्या हक्काविषयीच्या दाव्यांपुरते आहे, निव्वळ पैशांच्या वसुलीसाठी नाही. निकालापूर्वी मालमत्ता जप्त करून घेण्याचा अर्ज करता येतो. मात्र या मार्गाने बिनतारणी येण्याचे तारणी येण्यात रूपांतर करून घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रमण टेक प्रकरणात बजावले आहे. प्रतिवादी मालमत्ता विकून वा दडवून निकाल निष्फळ करू पाहतो आहे, हे दाखवावे लागते. शंभर कुटुंबे राहत असलेली संस्था आपली इमारत घेऊन कोठे पळणार?

भारतीय कायद्याला ‘धारणाधिकार’ अपरिचित आहे असे नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचे १७० वे कलम सांगते की, दुसऱ्याच्या वस्तूवर आपले श्रम वा कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःपाशी ठेवता येते. पण वस्तू त्याच्या ताब्यात हवी आणि ती जंगम हवी. घरमालकाने दिलेल्या सागवानाचे कपाट सुताराच्या कारखान्यात उभे आहे, तोवर सुतार ते मजुरीसाठी अडवू शकतो. तेच कपाट घरात नेऊन भिंतीत बसवले की हा अधिकार संपला. तयार मॉड्युलर स्वयंपाकघर विकणाऱ्यालाही १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार माल त्याच्या गोदामात असेपर्यंतच थकलेल्या किमतीसाठी तो रोखता येतो. बसवलेली लादी उखडून नेणे, दरवाजे काढून नेणे हे तर अधिकाराबाहेरचेच. रागाच्या भरात तसे करणारा मिस्त्री स्वतःवरच फौजदारी ओढवून घेतो. करार कायद्याचे १७१ वे कलम काही व्यावसायिकांना एकूण येण्यासाठी व्यापक धारणाधिकार देते. त्या यादीत बँका, अडते, धक्क्यावर माल उतरवून ठेवणारे, उच्च न्यायालयातील ॲटर्नी आणि विमापत्रांचे दलाल आहेत. इमारत कंत्राटदार तेथे नाही, वास्तुविशारदही नाही.

हा हक्क नसणे घरमालकाच्या सोयीचे आहे, यात शंका नाही. अमेरिकेतील घरमालकाप्रमाणे त्याला दुहेरी भरणा करण्याची धास्ती नाही. परंतु त्याची किंमत दुसऱ्या मार्गाने मोजावी लागते. पैसे बुडण्याचा धोका पत्करणारा कंत्राटदार तो दरात धरतो, किंवा आधीच भरघोस उचल मागतो. सदनिकेच्या अंतर्गत सजावटीत निम्मी रक्कम काम सुरू होण्यापूर्वी मागण्याची रीत सर्रास आहे. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या १० टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. कारागिराला घरावर हक्क असल्यामुळे तेथे आगाऊ रकमेवर इतकी कडक मर्यादा घालणे परवडते. आपल्याकडे हक्कही नाही आणि मर्यादाही नाही.

इमारत दुरुस्तीतील बहुतेक तंट्यांचे मूळ मात्र नियतीत नसून मोजमापात असते. नव्या बांधकामात नकाशावरून विटा आणि सिमेंट मोजता येते. दुरुस्तीत तसे होत नाही. सल्लागार अभियंता हातोडीने ठोकून, बाहेरून पाहून अंदाज बांधतो. आतील स्लॅब किती कुजला आहे ते गिलावा फोडल्यावरच कळते. समजा, चाळीस सदनिकांच्या एका संस्थेने ८० लाखांचे कंत्राट दिले. त्यात कॉलम-बीमच्या पॉलिमरयुक्त मॉर्टरच्या दुरुस्तीचे माप २,००० चौरस फूट धरले होते आणि दर चौरस फुटाला ३०० रुपये होता. गिलावा उतरल्यावर माप भरले ३,५०० चौरस फूट. एका बाबीवर साडेचार लाख रुपये वाढले. ही वाढ काम सुरू असताना कोणी सभेपुढे नेली नाही. अखेरच्या बिलात ती दिसल्यावर ‘कंत्राट ८० लाखांचे होते’ असा सूर निघाला. वास्तविक ते ८० लाखांचे नव्हतेच. ते दराचे कंत्राट होते आणि ८० लाख हा केवळ अंदाज होता. ठोक रकमेचे कंत्राट आणि प्रत्यक्ष मोजमापावर आधारित कंत्राट यांतील हा फरक सभासदांना कोणी समजावून सांगत नाही, आणि सांगितला तरी सभेच्या इतिवृत्तात तो नोंदला जात नाही. त्यातच १८ टक्के जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, हे निविदेत स्पष्ट नसेल तर भांडणाला आणखी एक कारण मिळते.

अशा वेळी मोजमाप वहीचे महत्त्व कळते. शिडीवर चढून, फोडलेला भाग पुन्हा झाकला जाण्यापूर्वी, सल्लागार आणि कंत्राटदार या दोघांनी एकत्र घेतलेले माप, त्याखाली दोघांच्या सह्या आणि शक्य तर संस्थेच्या प्रतिनिधीची सही एवढा कागद हाती असला की वादाचा मोठा भाग उरत नाही. गिलावा एकदा चढला की खालचे काम किती झाले, हे सांगणारा तज्ज्ञ न्यायालयात दोन्ही बाजूंनी मिळतो.

जादा कामांचे दुखणे याहून चिवट आहे. ‘परांची लावलीच आहे तर माझ्या खिडकीवरचा सज्जाही करून टाका,’ असे तिसऱ्या मजल्यावरचे काका मुकादमाला सांगतात. तोंडी सांगितलेल्या कामाचे पैसे द्यायचेच नाहीत, असा समज संस्थांमध्ये रूढ आहे. तो चुकीचा आहे. करार कायद्याच्या ७० व्या कलमानुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी वैधपणे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर वाजवी भरपाई द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच पश्चिम बंगाल सरकारविरुद्धच्या बी. के. मोंडल प्रकरणात हे तत्त्व उचलून धरले होते, आणि तेथे तर प्रतिवादी खुद्द सरकार होते. अर्थात काकांच्या सज्जाचा खर्च संस्थेने सोसायचा की काकांनी, हा तंटा मग सभासद आणि संस्था यांच्यातला होतो.

बिले अडण्यामागे आणखी एक कारण असते, त्याची वाच्यता फारशी होत नाही. संस्थेकडे पैसेच नसतात. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के वर्गणी गोळा करायची असते. अनेक संस्थांनी मासिक देखभाल कमी दाखवण्याच्या नादात ती वर्षानुवर्षे नाममात्र ठेवली. मग मोठी दुरुस्ती काढताना प्रत्येकी लाख-दोन लाखांची मागणी जाते, निम्मे सभासद भरतात, बाकीचे ‘आधी काम नीट होऊ द्या’ म्हणतात. अशा वेळी कामातील त्रुटी हा खरा आक्षेप असतो की मुदत काढण्याची सबब, हे सांगणे कठीण होते. थकबाकीदार सभासदाविरुद्ध संस्थेला सहकार कायद्याखाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवून जमीन महसुलाप्रमाणे वसुली करण्याचा जलद मार्ग उपलब्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी ही तरतूद कलम १५४-ब-२९ मध्ये आहे. कंत्राटदाराला संस्थेविरुद्ध असे काहीही नाही. सभासदाकडून पठाणी वसुली करणारी संस्था कंत्राटदाराला मात्र दिवाणी न्यायालयाची वाट दाखवते, हा विरोधाभास सहकारी चळवळीला शोभणारा नाही.

त्यात मध्येच निवडणूक झाली तर विचारायलाच नको. जुन्या समितीने दिलेले कंत्राट आम्हाला बांधील नाही, असे नवी समिती सांगते. कायद्याच्या दृष्टीने या म्हणण्याला अर्थ नाही. नोंदणीकृत संस्था ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि करार तिने केलेला असतो, पदाधिकाऱ्यांनी नव्हे. गैरव्यवहाराचा संशय असेल तर चौकशी जरूर व्हावी, पण मोजून घेतलेल्या कामाचे बिल त्यासाठी अडवता येत नाही.

विलंबाच्या दंडाबाबतही दोन्ही बाजूंच्या कल्पना वेगळ्या असतात. ‘उशीर झाल्यास दररोज पाच हजार रुपये दंड’ असे कलम करारात घातले की अखेरच्या बिलातून ती रक्कम आपोआप वजा करता येते, असे संस्था मानते. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ५५ वे कलम. मुदत उलटल्यावरही संस्था निमूटपणे काम करू देत राहिली आणि काम स्वीकारतेवेळी ‘विलंबाची भरपाई आम्ही मागणार आहोत’ असे तिने कळवले नाही, तर नंतर ती भरपाई मागता येत नाही. मार्चची मुदत ऑगस्टपर्यंत लांबली, दरम्यान एकही पत्र गेले नाही आणि दंड आठवला तो अखेरच्या बिलाच्या दिवशी, अशी प्रकरणे टिकणे अवघड असते.

दाद मागायची कोठे, हा प्रश्न दोघांनाही पडतो. महारेराकडे जाण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. परंतु विक्री वा नवे वाटप नसलेल्या दुरुस्ती-नूतनीकरणाला रेरा कायद्याखाली नोंदणी लागत नाही, आणि कंत्राटदार हा तेथील विकासकही नव्हे. सहकार न्यायालयात कोण पक्षकार होऊ शकतात हे कलम ९१ ने ठरवून दिले आहे. बाहेरचा कंत्राटदार त्यात सामान्यतः बसत नाही. निकृष्ट कामाबद्दल सदनिकाधारकाला ग्राहक आयोगाकडे जाता येते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते आणि ती दोन वर्षांत करावी लागते. पैसे थकलेल्या कंत्राटदाराला मात्र तेथे दरवाजा नाही, कारण तो ग्राहक नव्हे. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदणी असल्यास २००६ च्या कायद्याखाली ४५ दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लावण्यास मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या निकालांतून नकार दिलेला असल्याने या आधारावर विसंबणे धोक्याचे आहे. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो; पैशांच्या दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आले आहे. संस्थेने दिलेला पुढील तारखेचा धनादेश मात्र वेगळी गोष्ट आहे. कामाचे पैसे खरोखर देणे असताना ‘स्टॉप पेमेंट’ करून तो परत पाठवला, तरी परक्राम्य संलेख कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली खटला उभा राहू शकतो, आणि त्यात पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात.

राहतो तो दिवाणी दावा किंवा लवाद. जुन्या छापील करारांत ‘सल्लागार वास्तुविशारदाचा निर्णय अंतिम राहील व तोच लवाद असेल’ असे कलम आढळते. लवाद कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर एका पक्षाशी सल्लागार म्हणून संबंध असलेली व्यक्ती लवाद म्हणून अपात्र ठरते; तंटा निर्माण झाल्यावर दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तरच अपवाद. असा हितसंबंधी माणूस एकट्याने दुसरा लवादही नेमू शकत नाही, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाने स्पष्ट केले. तरीही संस्था तेच जुने मसुदे नावे बदलून वापरत आहेत. अशा कलमामुळे आधी लवाद कोण, यावरच वर्ष निघून जाते आणि परांची जागच्या जागी राहते. आठ-दहा लाखांच्या वादाला उच्च न्यायालयात जाऊन लवाद नेमून घेणे कोणत्याच बाजूला परवडत नाही. दोघांनी मिळून निवडलेल्या एका तटस्थ अभियंत्याकडून पंधरा दिवसांत फेरमोजणी, आणि त्या आकड्याइतकी रक्कम लगेच अदा करून उरलेल्याबद्दल वाद चालू ठेवणे, एवढी तरतूद करारात असली तरी बरेच साधते. तिच्याच जोडीला, काम संपुष्टात आल्यावर लेखी सूचनेनंतर ठराविक दिवसांत परांची न काढल्यास ती पंचनामा करून कंत्राटदाराच्या खर्चाने उतरवता येईल, हे वाक्यही हवे. ते नसेल तर मनाई हुकमासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तोवर परांचीवरून चोर चढण्याची भीती रहिवाशांनी सोसायची.

या सगळ्यात ज्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो ते परांचीवर लटकून काम करणारे मजूर. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रम संहितांनुसार कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर मुख्य मालकाने ते देऊन त्याच्याकडून वसूल करायचे आहे. पण कंत्राटी कामगारांविषयीचे ते प्रकरण ५० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. पंधरा-वीस मजूर लावणाऱ्या सोसायटीच्या कामावर त्याचा लाभ पोहोचत नाही. मुकादम पैसे न देता निघून गेला, तर बिहार वा मराठवाड्यातून आलेल्या मजुराला ना इमारतीवर हक्क, ना कंत्राटदाराचा पत्ता. हप्ता देण्यापूर्वी मागील महिन्याच्या मजुरीच्या पावत्या पाहण्याची अट काही संस्था करारात घालतात. तिला खर्च येत नाही.

काम संपल्यावर बिलातून रोखून ठेवलेली पाच टक्के रक्कम, ज्याला रिटेन्शन म्हणतात, ती दोषदायित्वाच्या मुदतीनंतर परत करायची असते. वरील उदाहरणात ती सुमारे चार लाख रुपये होते. गळतीचा कस पावसातच लागत असल्याने निदान दोन पावसाळे ही मुदत असावी, ही संस्थांची मागणी रास्त आहे. मात्र मुदत संपल्यावरही ‘बघू’ म्हणत ती वापरून टाकणाऱ्या समित्यांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. केलेल्या कामाच्या किमतीचा दावा लावायला मुदत कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. परंतु ती उलटण्यापूर्वी संस्थेने देणे असल्याची सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. ‘निधी जमताच आपली राहिलेली रक्कम अदा करू’ असे चिटणीसांच्या सहीचे पत्र अशी कबुली ठरते. ते पत्र कंत्राटदाराने फाइलला लावून ठेवलेले असते.